पिंगळा दिसला नाही, की नव्हताच? (२० ठिकाणं, ३ फेऱ्या आणि एक अडलेला अहवाल)

कडुनिंब_गोरेगाव | १५ फेब्रुवारी, रात्री १०.२०

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही सहा जण गोरेगाव ते बोरिवली पट्ट्यात पिंगळ्याची पाहणी करतोय. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक निवृत्त काकू, शास्त्रज्ञ एकही नाही. पिंगळा म्हणजे ते साळुंकीएवढं ठिपकेवालं घुबड. तिन्हीसांजेला तारेवर बसून मान वरखाली करत आपल्याला न्याहाळतं आणि मग शेजारणी भांडाव्यात तसं किरकिरतं. २० ठिकाणं ठरवली: जुन्या सोसायट्यांची आवारं, दोन शाळांची मैदानं, स्मशानाच्या कडेचे वड, आरेच्या रस्त्यालगतची काही झाडं. सूर्यास्तानंतर प्रत्येक ठिकाणी १० मिनिटं उभं राहायचं, टॉर्च बंद, मोबाइल खिशात. फॉर्मवर पिंगळ्यासाठी एकच चौकट. दिसला किंवा ऐकू आला तर १, नाहीतर ०.

पहिल्या फेरीत ५ ठिकाणी मिळाला. आम्ही खूश. दहा-बारा दिवसांनी दुसरी फेरी केली तर ४ ठिकाणी, पण त्यातली दोनच पहिल्या यादीतली! तीन ठिकाणचे गायब आणि दोन नवीन उगवलेले. गटात लगेच वाद. एकाचं म्हणणं, "गेले असतील उडून." काकूंचं म्हणणं, "अरे, ढोलीत बसला असेल, तुम्ही गेलात म्हणून त्याने बाहेर यायचं का?" मग तिसरी फेरी केली. पुन्हा ५, त्यातली दोन ठिकाणं कोरी करकरीत. तिन्ही फेऱ्या साधारण पाच आठवड्यांत उरकल्या. हिशेब असा की एकदा तरी सापडला अशी ९ ठिकाणं, आणि तिन्ही वेळा भोपळा अशी ११.

आता अडचण. क्र. १४ हे एका सोसायटीचं आवार आहे. तिथे जुना वर्षावृक्ष आहे, मोठी ढोली असलेला. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत त्याची ती फांदी जाणार आहे. सेक्रेटरींनी मला सरळ विचारलं, "तुमच्या त्या सर्व्हेत आमच्याकडे घुबड आहे का? नाही ना? मग तसं लिहून द्या." माझ्या फॉर्मवर तिथे ०, ०, ० आहे. खरं सांगायचं तर त्या झाडावर संध्याकाळी पोपटांचा इतका कालवा असतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पिंगळा कुठला ऐकू येणार!

अहवालात "२० पैकी ९ ठिकाणी पिंगळा" लिहायचं? आणि १४ पुढे "नाही" लिहायचं का? हात धजावत नाही. कुणी जाणकार असेल तर सांगा.

टिंबटिंब | १५ फेब्रुवारी, रात्री १०.४१

मस्त धागा. वाचतोय.

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी सापडण्याची शक्यता यापेक्षा कमी आहे, त्याची पाहणी कुणी केली तर बरं होईल.

आकडेमोड | १५ फेब्रुवारी, रात्री ११.३०

कडुनिंबताई, हात धजावत नाही हे बरोबरच आहे. तुमच्या फॉर्मवरच्या ० चे दोन अर्थ होतात: पक्षी तिथे राहतच नाही, किंवा राहतो पण त्या १० मिनिटांत तुम्हाला गवसला नाही. एका फेरीत हे दोन्ही ० सारखेच दिसतात. पण तुम्ही त्याच जागी तीनदा गेलात, आणि तिथेच तुमची सुटका आहे. इंग्रजीत याला डिटेक्शन प्रोबॅबिलिटी म्हणतात. पक्षी तिथे असताना एका फेरीत तो सापडण्याची संभाव्यता.

२० ठिकाणांचे तिन्ही फेऱ्यांचे आकडे सलग लिहून टाका बघू. १०१, ०११ असे.

कडुनिंब_गोरेगाव | १६ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

हे घ्या. १११ एक ठिकाण. ११०, १०१, ०११ प्रत्येकी एक. १०० दोन ठिकाणी. ०१० एक. ००१ दोन. उरलेली ११ ठिकाणं ०००.

आकडेमोड | १६ फेब्रुवारी, दुपारी १.१५

डबा खाता खाता हिशेब केला. कागद-पेन्सिल पुरेल असा करतो, संगणकाचं नंतर बघू.

पिंगळा जिथे एकदा सापडला तिथे तो राहतो हे नक्की. (पाच आठवड्यांत तो बिऱ्हाड हलवत नाही असं धरतोय. ठिपकेवाला पिंगळा एका जागी टिकून राहणारा पक्षी आहे, म्हणून हे चालेल.) म्हणजे पहिल्यांदा सापडल्यानंतर तिथे झालेल्या फेऱ्या ही आपली परीक्षा. पक्षी आहे हे माहीत असताना आपण तो कितीदा शोधला?

१११ मध्ये पहिल्या नोंदीनंतर २ फेऱ्या झाल्या, दोन्हीत सापडला. ११० आणि १०१ मध्ये दोन-दोन फेऱ्या, एकेकदा सापडला. ०११ मध्ये एकच फेरी उरली, त्यात सापडला. दोन १०० मिळून ४ फेऱ्या आणि पाटी कोरी. ०१० मध्ये १ फेरी, सापडला नाही. ००१ नंतर फेरीच उरली नाही, ते सोडा. एकूण १२ फेऱ्या आणि त्यात ५ वेळा सापडला. ५ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.४२.

याचा अर्थ कळतोय का? पक्षी नक्की राहतो अशा जागी तुम्ही गेलात तरी दर १० वेळांपैकी जवळपास ६ वेळा तुमच्या फॉर्मवर ० पडतो. यात तुमचा दोष नाही, मुंबईत संध्याकाळी १० मिनिटं म्हणजे तेवढंच.

आता एका फेरीत हुकण्याची संभाव्यता ०.५८. तिन्ही फेऱ्यांत हुकण्याची ०.५८ × ०.५८ × ०.५८ = सुमारे ०.१९५. म्हणजे पक्षी असलेल्या दर पाच ठिकाणांपैकी एक ठिकाण तीन फेऱ्यांनंतरही तुमच्या हातून निसटतं. तुम्हाला मिळालेली ९ ठिकाणं ही खऱ्या आकड्याच्या सुमारे ८० टक्के. ९ भागिले ०.८०५, उत्तर ११ च्या थोडं वर.

म्हणून ९ हा पिंगळे राहतात त्या ठिकाणांचा आकडा नव्हे, तो तुमच्या शोधाचा आकडा झाला. त्या ११ शून्यांत साधारण दोन शून्यं खोटी आहेत. कोणती दोन, ते मात्र हा हिशेब सांगत नाही.

टिंबटिंब | १६ फेब्रुवारी, दुपारी १.५२

मग माझ्या सेक्रेटरीची संभाव्यता ०.०५ धरली तर?

आकडेमोड | १६ फेब्रुवारी, दुपारी २.०५

९५ टक्के खात्री हवी असेल तर ५९ फेऱ्या. आणि मेंटेनन्स थकलेला असेल तर तो तुम्हाला शोधत येईल, मग हा नियम उलटा लागू होतो.

मराठीभाषाप्रेमी | १६ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

अवांतर: याला मराठीत काय म्हणावं? शाळेत प्रोबॅबिलिटीला संभाव्यता शिकलो. "शोध-संभाव्यता" म्हटलं तर शोधण्याची संभाव्यता वाटते, सापडण्याची नाही.

काकूंचा_भाचा | १६ फेब्रुवारी, दुपारी ३.४८

आकडेमोड यांनी वर सहज "गवसणं" वापरलंय. गवसण्याची संभाव्यता. शोधणं आपल्या हातात, गवसणं त्या पक्ष्याच्या.

मराठीभाषाप्रेमी | १६ फेब्रुवारी, दुपारी ३.५५

वा! घेतला.

पाणवठा_६२ | १६ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार. मी वनखात्यात वनरक्षक होतो, नोकरी सारी विदर्भात गेली. आता मुलाकडे डोंबिवलीला असतो. पोरांनो, हिशेब चांगला केला, पण एक सांगतो. आम्ही वाघ मोजत होतो तेव्हा कुणी संभाव्यता विचारली नाही. पाऊलखुणा दिसल्या की त्यावर काच ठेवायची, ठसा कागदावर उतरवायचा, चांगला असला तर प्लास्टरचा साचा काढायचा. साहेब साचे बघून सांगायचे, हा अमुक वाघ, हा तमुक. झाली गणना.

बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाणावर बसायचं. रात्रभर. जो येईल तो लिहायचा. उन्हाळा अन् पौर्णिमा का? तर पाणी आटलेलं असते, जनावराला त्याच पाणवठ्यावर यावं लागते, अन् चांदण्यात दिसते. म्हणजे तुमच्या भाषेत गवसणं वाढवायचीच ती युक्ती होती. आम्हाला नाव माहीत नव्हतं एवढंच.

आकडेमोड | १६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

काका, पाणवठ्याचं अगदी मान्य. फक्त दोन गोष्टी निसटतात. एकच अस्वल संध्याकाळी या पाणवठ्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर आलं तर ते दोनदा लिहिलं जातं. आणि जे त्या रात्री पाण्यावर आलंच नाही त्याचा पत्ता लागत नाही. चुका दोन्ही दिशांना, आणि किती ते मोजायला काही साधन नाही. आता बऱ्याच ठिकाणी त्या रात्रीला गणना न म्हणता निसर्गानुभव म्हणतात ते यामुळेच.

पाऊलखुणांची पद्धत १९६० च्या दशकात ओडिशातून आली आणि सगळीकडे रुळली. तिची मूळ अडचणही हीच. काही वाघांच्या खुणा सापडल्याच नसतील, तर ते किती हे त्या पद्धतीत येतच नव्हतं. शिवाय एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा, धुळीत वेगळा. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तोवर कागदावर वाघ होते. त्यानंतर देशभराच्या गणनेची पद्धतच बदलली आणि २००६ चा अंदाज आला १,४११. लोक म्हणाले, वाघ एकदम कमी झाले. त्यातले किती खरंच कमी झाले आणि किती आधीच्या मोजणीत फुगलेले होते, हे वेगळं करायला जुन्या आकड्यांत काही सोयच नव्हती.

पाणवठा_६२ | १६ फेब्रुवारी, रात्री १०.०२

हे कडू आहे पण खरं आहे. मी स्वतः एका वाघिणीचे दोन साचे दोन नावांनी कपाटात पाहिले. बोललो नाही. लहान माणूस काय बोलणार.

पण एक गोष्ट तुम्ही पण लिहून ठेवा. ज्याला जंगल कळते त्याला जास्त दिसते. माझ्यासोबत एक कोलाम म्हातारा यायचा, त्याला वाळलेल्या पानावरचा माग दिसायचा. मला तिथे नुसती पानं. दोघांची संभाव्यता एक कशी धरता?

वाघाटी | १६ फेब्रुवारी, रात्री ११.२०

काका, लाख बोललात. हिशेबातलं सगळ्यात नाजूक गृहीतक तेच आहे, त्यावर नंतर येते.

आधी बिबट्यांचं सांगते, कारण मुंबईकराला तेच जवळचं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौ. किमी. २०१५ च्या कॅमेरा-पाहणीत तिथे आणि आसपास ३५ बिबट्यांची नोंद झाली, २०१८ मध्ये ४७. हे शक्य होतं कारण बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, प्रत्येकाचे वेगळे. आणि डावी बाजू उजव्यासारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात.

यातली युक्ती माशांपासून सुरू झाली. पीटरसन नावाच्या डॅनिश माणसाने १८९६ मध्ये खुणा केलेले मासे पुन्हा जाळ्यात किती येतात ते पाहिलं, पुढे १९३० मध्ये अमेरिकेत लिंकनने बदकांना वाळे घालून तेच केलं. समजा पहिल्या खेपेला कॅमेऱ्यात १२ वेगवेगळे बिबटे आले. दुसऱ्या खेपेला १०, त्यातले ६ ओळखीचे. म्हणजे आधीच्या १२ पैकी ६ पुन्हा सापडले, दर खेपेला निम्मे सापडतात. तर दुसऱ्या खेपेचे १० हे सगळ्यांच्या निम्मे असावेत. एकूण २०. प्रत्यक्षात कॅमेऱ्यात आलेले १२ अधिक ४ म्हणजे १६ च. उरलेले चार कुणी पाहिलेले नाहीत, पण ते आहेत असं गणित सांगतं.

पिंगळ्याला असं ओळखता येत नाही, म्हणून तिथे "किती" ऐवजी "किती ठिकाणी" विचारायचं. याला ऑक्युपन्सी म्हणतात आणि आकडेमोड यांनी कागदावर केलं त्याचं रीतसर गणित २००२ मध्ये मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. आज ते संगणकावर फुकट करता येतं.

तळ्याकाठी | १७ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

एक बाळबोध शंका. मला एका ठिकाणी तीनदा जाणं जमत नाही. विरार लोकलने रोज जा-ये, घरी पोचेपर्यंत घुबडंसुद्धा झोपलेली असतात. एकदाच जाऊन काही करता येईल का?

वाघाटी | १७ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

येईल. मैत्रिणीला सोबत न्या आणि दोघींनी वेगवेगळ्या वह्यांत लिहा. एकमेकींना "तो बघ, तो बघ" म्हणायचं नाही (हे फार अवघड असतं, मी अनुभवाने सांगते). तुम्हाला दिसलेलं तिने किती पाहिलं, तिला दिसलेलं तुम्ही किती, यावरून दोघींच्याही नजरेची संभाव्यता निघते.

पण एक फरक लक्षात असू द्या. फांदीवर बसलेला पिंगळा पानांमुळे तुमच्या नजरेतून सुटला, तर तो मैत्रिणीला दिसू शकतो. ढोलीत गप्प बसलेला मात्र दोघींनाही दिसत नाही, तिथे दहा मैत्रिणी नेल्यात तरी व्यर्थ. काकूंनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. तिथे पुन्हा दुसऱ्या संध्याकाळी जाण्याला पर्याय नाही.

ऋतूचंही तसंच. नवरंग जूनमध्ये पावसाबरोबर येतो तेव्हा राष्ट्रीय उद्यानात पहाटे त्याची शीळ ऐकू येते. तोच पक्षी गप्प असताना पायाशी पाचोळ्यात उड्या मारत असला तरी तुम्ही वरून निघून जाल. रातवा चांदण्या रात्री जास्त बोलतो. अमावस्येला जाऊन "रातवा नाही" लिहिणारे लोक मी पाहिलेत. मीही लिहिलंय.

यादीवाला | १७ फेब्रुवारी, दुपारी १२.४०

ई-बर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) याद्या टाकणाऱ्यांसाठी: यादी भरताना शेवटी विचारतात ना, दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का, त्याला कंटाळून "नाही" म्हणू नका. खरोखर सगळे लिहिले असतील तर "हो" म्हणा. "हो" म्हटलं की यादीत नसलेल्या पक्ष्यांचा ० आपोआप तयार होतो, आणि किती मिनिटं, किती अंतर हेही सोबत येतं. नुसते खंड्या-धनेशाचे फोटो टाकून काही "नव्हतं" हे कधीच कळत नाही.

आणि कावळा लिहा हो! मुंबईच्या याद्यांत कावळा नसतो, जणू शहर सोडून गेला.

खानदेशी | १७ फेब्रुवारी, रात्री ८.१५

घुबडांवर धागा आणि वन पिंगळ्याचं नाव नाही? मग मी सांगतो, आमच्या भागातला आहे.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. कडुनिंबताईंचा तो साधा पिंगळा, ठिपकेवाला. अंगावर बारीक आडवे पट्टे असलेला तो रान पिंगळा. आणि वन पिंगळा तिसराच, डोक्यावर ठिपके नसल्यात जमा, मोठं डोकं, जाड पाय. १८७३ मध्ये ह्यूमने याचं वर्णन केलं. १८८४ मध्ये खानदेशात डेव्हिडसन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे शेवटचे नमुने गोळा केले. त्यानंतर कुणाला दिसला नाही. पक्षी गेला असं जवळपास ठरलं.

नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन आणि तिचे दोन साथीदार शहाद्याजवळ सकाळच्या उजेडात फिरत होते आणि तो समोर झाडावर बसलेला! ११३ वर्षांनी. पुढे मेळघाटात चांगल्या संख्येने सापडला, आणि २०१४ मध्ये थेट तानसा अभयारण्यात. म्हणजे मुंबईला जिथून पाणी येतं तिथे.

इतकी वर्षं का सापडला नाही? एक कारण म्हणजे हे घुबड बरंचसं दिवसा वावरतं, आणि घुबड म्हटलं की माणूस रात्री शोधतो. पण दुसरं कारण फार मजेदार आहे. माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक वन पिंगळा मिळवल्याची नोंद होती. शोधणारे त्या नोंदीमागे गेले. रासमुसेनने तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो मुळात डेव्हिडसनचाच. या गृहस्थाने संग्रहालयातून लांबवला, नव्याने पेंढा भरला आणि खोटी चिठ्ठी लावली. ती नोंद बाद केल्यावर खऱ्या नमुन्यांच्या जागा उरल्या आणि ते लोक तिकडे गेले.

आता सांगा, वर तुम्ही सगळे खोट्या शून्याबद्दल बोलताय. खोट्या १ चं काय?

आकडेमोड | १७ फेब्रुवारी, रात्री ९.००

जबरदस्त प्रतिसाद. आणि प्रश्न वर्मी बसला.

मी केलेला हिशेब खोटा १ नसतोच असं धरून चालतो. खोटं शून्य तो सावरून घेतो, खोटा १ मात्र डोळे मिटून गिळतो. वर त्यातून दुहेरी नुकसान. समजा ००१ पैकी एका ठिकाणी पिंगळा नव्हताच, कुणीतरी रान पिंगळ्याचा आवाज ऐकून १ टाकला. तर ९ चे खरे ८ होतात, आणि असा खोटा १ पहिल्या-दुसऱ्या फेरीतच पडला तर त्यापुढच्या शून्यांमुळे गवसण्याची संभाव्यता उगाच कमी दिसून एकूण आकडा आणखी फुगतो. थोड्याशा चुकीच्या ओळखीने सगळं बिघडतं. म्हणून शंका असेल तर ० लिहा, त्याला औषध आहे.

कडुनिंबताई, तुमच्या आरेच्या ठिकाणी रान पिंगळाही असू शकतो, आवाज नक्की ओळखू येतो ना?

कडुनिंब_गोरेगाव | १७ फेब्रुवारी, रात्री ९.३५

दोन ००१ मधलं एक ठिकाण नुसत्या आवाजावर आहे, पण तो काकूंनी ऐकलेला. त्यांच्या लहानपणी गावात पहाटे कुडमुडं वाजवत पिंगळा यायचा, भविष्य सांगायला. तो बोलतो ते खरं होतं आणि पक्षी बोलला की काहीतरी घडतं, असं त्यांची आजी सांगायची. त्यामुळे हा आवाज त्यांच्या कानात साठ वर्षं बसलाय. मी काकूंवर विसंबते.

मग ११ लिहू का? नक्की ११?

आकडेमोड | १७ फेब्रुवारी, रात्री १०.१०

नक्की नाही. २० ठिकाणं आणि ३ फेऱ्या फारच थोड्या. अंदाज ११, पण खरा आकडा ९ पासून १६-१७ पर्यंत कुठेही असू शकतो. ९ च्या खाली जात नाही कारण तिथे तर तो तुम्हाला गवसलाच आहे. अहवालात ही रुंदी लिहा, लाजू नका.

आणि पाणवठाकाकांचा मुद्दा इथे लागतो. मी सगळ्या ठिकाणी ०.४२ धरलं. शाळेच्या शांत मैदानावर ते ०.६ असेल, हायवेलगत ०.२. असा फरक असून तो हिशेबात घेतला नाही तर एकूण आकडा कमीच येतो, कारण गोंगाटाच्या जागा सगळ्यात जास्त निसटतात. पुढच्या वेळी फॉर्मवर आवाजाची पातळी (शांत, मध्यम, कानठळ्या), वारा, कोण उभं होतं हे लिहा. काकूंची आणि इतरांची संभाव्यता वेगळी काढता येईल.

क्र. १४ चं म्हणाल तर, तीन शून्यांनंतर तिथे पिंगळा असण्याची शक्यता अजून सुमारे ५ मध्ये १ आहे. तीन फेऱ्या आणखी केल्या आणि त्याही कोऱ्या गेल्या तर ती २० मध्ये १ वर येते. पोपटांचा कालवा धरला तर त्याहून जास्तच. सहा फेऱ्यांशिवाय "नाही" लिहू नका.

टिंबटिंब | १७ फेब्रुवारी, रात्री १०.३०

आणि सहा फेऱ्यांनंतर?

आकडेमोड | १७ फेब्रुवारी, रात्री १०.३३

तेव्हाही "नाही" लिहू नका. "६ फेऱ्या, प्रत्येकी १० मिनिटं, नोंद नाही" असं लिहा.

पाणवठा_६२ | १८ फेब्रुवारी, पहाटे ५.४०

आमच्या साहेबाने असा कागद फेकून दिला असता. पण लिहा.

कडुनिंब_गोरेगाव | १६ मार्च, रात्री ९.५०

धागा वर काढते. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, मुलाची परीक्षा होती.

शून्यांच्या ११ ठिकाणी आणखी तीन-तीन फेऱ्या केल्या. क्र. ६ चौथ्या फेरीत बोलला, नुसता बोलला नाही तर तिघं बाहेर आले. दरवेळी आम्ही ज्या बाकाशेजारी उभे राहायचो त्याच्या बरोबर डोक्यावर. उरलेली १० कोरीच. एका संध्याकाळी वरातीचा बँड होता, ती फेरी धरली नाही, पुन्हा केली.

क्र. १४ ला सहाही वेळा ०. मी तुम्ही सांगितलं तसं लिहून सेक्रेटरींना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, हे कळलं नाही. आहे की नाही एवढंच सांगा." मी म्हटलं, २० मध्ये १ शक्यता आहे. ते म्हणाले, "म्हणजे नाही." मी म्हटलं, "म्हणजे २० मध्ये १." असं दहा मिनिटं चाललं. शेवटी मी अहवाल टेबलावर ठेवून उठले.

यादीवाला | १६ मार्च, रात्री १०.०५

ताई, एक विचारू? त्या ढोलीत पिंगळा नाही असं धरू. मग ढोलीत आहे कोण? तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये पोपटांचा कालवा म्हणाला होतात. हे दिवस पोपटांच्या विणीचे आहेत, आणि त्यांना ढोलीच लागते.

कडुनिंब_गोरेगाव | १६ मार्च, रात्री १०.२२

अरे देवा.

सहाही वेळा एक पोपट त्या ढोलीच्या तोंडाशी होता. मला लख्ख आठवतंय, एकदा तर आत शेपूट तेवढी दिसत होती. फॉर्मवर कुठे लिहिणार? चौकट एकच होती, पिंगळ्याची.

उद्या सकाळी दुर्बीण घेऊन जाते. छाटणीवाले सोमवारी येणार आहेत. गोरेगावात कुणी मोकळं असेल तर साडेसहाला या, वह्या दोन आणा.